तीन वर्षे उलटली तरी समन्स दुर्लक्षू नये

क्रेडिट कार्डाची थकबाकी 3 वर्षांनी आपोआप संपते, म्हणून न्यायालयाचे समन्स आले तरी गप्प बसावे, हा समज घातक आहे. 1963 च्या मुदत कायद्याने संपतो तो दाव्याचा हक्क, कर्ज नव्हे. शिवाय मुदतीच्या आत थकबाकीची सहीनिशी लेखी कबुली दिली असल्यास 3 वर्षे तेव्हापासून नव्याने मोजतात. मुदतबाह्य दावा न्यायालयाने स्वतःहून फेटाळायला हवा हे खरे, परंतु वादीने दाखवलेल्या तारखा खोडून काढायला प्रतिवादीच हजर नसेल, तर एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे प्रतिवादीची बाजू न ऐकताच न्यायालयाचा निर्णय, होऊ शकतो आणि त्याची अंमलबजावणी 12 वर्षांपर्यंत मागता येते. म्हणून समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यावी, तीत मुदतीचा मुद्दा स्पष्ट मांडावा. वसुली प्रतिनिधीच्या कागदावर मात्र घाईने सही करू नये. मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे सहीनिशी दिलेले लेखी वचनही करार कायद्याने बंधनकारक ठरते.