कॅराव्हॅनमधील पाणीव्यवस्था (ऑस्ट्रेलियातील फ्री कॅम्पिंग)

मोटारीमागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर म्हणजे कॅराव्हॅन. नळजोडणी नसलेल्या ठिकाणी अशा घरात मुक्काम करताना पाणी भरणे, साठवणे, पुरवून वापरणे, पिण्याजोगे राखणे आणि वापरून झालेल्या पाण्याची विल्हेवाट लावणे या सगळ्याचा समावेश या व्यवस्थेत होतो. पैसे भरून राहायच्या कॅराव्हॅन पार्कमध्ये वीज आणि नळ दोन्ही जागेवर मिळतात. त्याबाहेर, रस्त्याकडेच्या विश्रांतीस्थळांवर, गावाच्या जत्रेच्या मैदानावर किंवा रानात विनामूल्य अथवा नाममात्र शुल्कात तळ ठोकण्याला ऑस्ट्रेलियात फ्री कॅम्पिंग म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्याचा भर सोयींनी युक्त पार्कवर आहे. ही नोंद मात्र सोयी नसलेल्या तळांविषयी आहे.

फ्री कॅम्पिंगचा मुक्काम किती दिवसांचा, हे आज प्रामुख्याने पाणीच ठरवते. विजेचा प्रश्न छतावरच्या सौर तक्त्यांनी आणि लिथियम बॅटरीने बराचसा सोडवला, अन्नाचा फ्रिजने. पाणी मात्र तळावर तयार करता येत नाही. ते सोबत न्यावे लागते आणि संपले की तळ हलवावा लागतो. म्हणून जाणते प्रवासी नकाशा बघताना पेट्रोल पंपांच्या आधी नळ शोधतात.

माणसांची वस्ती असलेल्या खंडांत ऑस्ट्रेलिया सर्वांत कोरडे. तिथल्या प्रवासाचा इतिहास हा बऱ्याच अंशी पाण्याचाच इतिहास आहे. इंग्रज शोधप्रवासी एडवर्ड जॉन एअर १८४१ मध्ये दक्षिण किनाऱ्याने पूर्वेकडून पश्चिमेकडे गेला, तेव्हा स्थानिक आदिवासींनी वाळूच्या टेकड्यांमागे खणून पाणी कसे लागते ते त्याला दाखवले. पुढे जिथे तेही मिळेना तिथे त्याने पहाटे स्पंजने दव टिपून घेतले. वाटेत त्याचा सहकारी जॉन बॅक्स्टर मारला गेला. वायली हा आदिवासी तरुण शेवटपर्यंत सोबत राहिला आणि दोघे ऑल्बनीला पोहोचले. पश्चिमेकडच्या ग्रॅनाइट खडकांतल्या नैसर्गिक कुंडांना नॅमा म्हणतात. त्यांत पावसाचे पाणी साठते, आणि ते आटू नये, जनावरांनी नासवू नये म्हणून आदिवासी त्यांवर दगड-फांद्या झाकून ठेवत. हे पाणवठे आजही त्या समाजांना पवित्र आहेत. प्रवाशाने त्यांतून टाकी भरणे किंवा त्यात आंघोळ करणे हा सरळसरळ अपराध समजावा, कायद्याने तिथे अडवलेले असो वा नसो.

गोऱ्या वसाहतीने हाच प्रश्न नळाने सोडवला. अभियंता सी. वाय. ओकॉनर याच्या योजनेनुसार पर्थजवळच्या मंडेरिंग धरणापासून कॅल्गूर्लीच्या सोन्याच्या खाणींपर्यंत सुमारे ५३० किलोमीटर लांबीची जलवाहिनी टाकली गेली आणि जानेवारी १९०३ मध्ये तिचे उद्घाटन झाले. टीकेने खचलेल्या ओकॉनरने त्याआधीच, मार्च १९०२ मध्ये, आयुष्य संपवले होते. या वाहिनीचा फाटा पुढे नॉर्समनपर्यंत गेला. त्याच नॉर्समनहून आजचे प्रवासी टाक्या भरून नलार्बरच्या कोरड्या पठारावर शिरतात.

टाक्या आणि वजन : कॅराव्हॅनच्या सांगाड्याखाली साधारण ८० ते ९५ लिटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या बसवलेल्या असतात. दोन असणे आता सर्रास झाले आहे, लांबच्या प्रवासासाठी बांधलेल्या गाड्यांत तीन-चारही असतात. जास्त टाक्या म्हणजे जास्त निश्चिंती असे नवख्याला वाटते; पण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. समजा, कॅराव्हॅनचे रिकामे वजन २,३५० किलो आणि कमाल परवानगी २,८०० किलोची असेल, तर सामानासाठी उरतात ४५० किलो. दोन टाक्यांतले १९० लिटर पाणी त्यातले १९० किलो एका फटक्यात खाऊन टाकते, कारण रिकाम्या वजनात पाणी सहसा धरलेले नसते. टाकी धुरीच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, पुढे आहे की मागे, यावर मोटारीच्या हुकवर पडणारा भार बदलतो. मागची टाकी भरलेली आणि पुढची रिकामी असेल तर पुढचा भार हलका होऊन कॅराव्हॅन वेगात डुलू लागते, आणि हे डुलणे जीवघेणे ठरू शकते. म्हणूनच किनाऱ्याकडच्या गावागावांतून जाताना एकच टाकी, तीही धुरीपुढची, भरून निघणे आणि कोरड्या टप्प्याआधी सगळ्या भरणे हा शहाणपणाचा मार्ग.

कच्च्या रस्त्यावर उडालेला एखादा धारदार दगड खालच्या टाकीला भोक पाडतो. टाक्या एकमेकींना जोडून मधली तोटी उघडी ठेवली असेल तर एका भोकातून सगळे पाणी जाते. प्रत्येक टाकीची तोटी स्वतंत्र बंद करता यावी आणि टाकीखाली पत्रा असावा, हा खर्च कधीच वाया जात नाही. मराठी घरात प्यायचे पाणी हंड्यात आणि वापरायचे टाकीत ठेवतात, तशीच विभागणी इथेही करता येते : एका टाकीत खात्रीचे गोडे पाणी, दुसरीत भांडी-आंघोळीचे. पिण्याच्या टाकीला वेगळी तोटी असली की ही शिस्त आपोआप पाळली जाते.

नळ उघडला की दाब कमी झाल्याचे ओळखून १२ व्होल्टचा छोटा पंप सुरू होतो, बंद केला की थांबतो. सगळे नळ बंद असताना, विशेषतः रात्रीच्या शांततेत, पंप क्षणभर घुरघुरून थांबला आणि थोड्या वेळाने पुन्हा घुरघुरला, तर कुठेतरी थेंब गळतो आहे असे नक्की समजावे. सांधा सुटला आणि पंप चालू राहिला तर तासाभरात टाकी रिकामी होऊन जमीन ओली. म्हणून झोपताना, फिरायला जाताना आणि गाडी रस्त्यावर असताना पंपाचे बटण बंद ठेवतात. पाण्याची पातळी दाखवणारे दिवे मोजक्याच टप्प्यांत पातळी सांगतात आणि गाडी तिरकी उभी असेल तर चुकतात. नळीला लावायचे स्वस्तातले मीटर आणि रोजची नोंदवही यांवर जास्त भरवसा ठेवता येतो.

पुरवून वापरणे : दोन माणसे, १९० लिटर पाणी, दिवसाला २५ लिटर खर्च, म्हणजे साधारण साडेसात दिवस. घरच्या सवयीने राहिल्यास हेच पाणी दुसऱ्या संध्याकाळी संपते. सगळ्यात मोठा खाऊ म्हणजे शॉवर. साधा शॉवर मिनिटाला आठ-नऊ लिटर पाणी सोडतो. अंग भिजवायचे, पाणी बंद करायचे, साबण लावायचा, मग धुवायचे, असे केले तर एका आंघोळीला पाच-सहा लिटर पुरतात. गरम पाणी येईपर्यंत नळातले थंड पाणी दीड-दोन लिटर तरी वाहते. ते बादलीत धरले तर चहाला, भांड्यांना चालते. ताटे आधी कागदाने पुसून घेतली की एका लहान टबात सगळी भांडी निघतात. डाळ-भात करणाऱ्या घराला एक जास्तीची सोय आहे : तांदूळ धुतलेले पाणी तेलकट भांड्यांच्या पहिल्या हाताला उत्तम.

कपड्यांसाठी अनेक गाड्यांत छोटे वॉशिंग मशीन असते, पण एका धुण्याला तीस-चाळीस लिटर घालवणे फ्री कॅम्पिंगला परवडत नाही. जुने प्रवासी घट्ट झाकणाच्या पिंपात कपडे, थोडे पाणी आणि चिमूटभर साबण टाकून ते पिंप गाडीत बांधून ठेवतात. दिवसभराच्या खडबडीत रस्त्याने कपडे घुसळून निघतात आणि संध्याकाळी फक्त खळबळायचे उरते.

प्यायच्या पाण्यात मात्र काटकसर करायची नाही. उन्हाळ्यात अंतर्भागात पारा चाळिशी ओलांडतो आणि घाम अंगावर दिसण्याआधीच सुकून जातो, त्यामुळे शरीर किती कोरडे पडले हे कळत नाही.

पाणी कुठे भरायचे : लहान गावांच्या नगरपालिकांनी प्रवाशांसाठी ठेवलेले नळ हा मुख्य आधार. कूबर पीडीसारख्या वाळवंटी गावात खारे भूजल यंत्राने गोडे करावे लागते, तिथे नाणे टाकून पाणी मिळते. एअर महामार्गाचा सेडूना ते नॉर्समन हा सुमारे १,२०० किलोमीटरचा टप्पा नलार्बरच्या चुनखडीवरून जातो. पाऊस पडला तरी तो भेगांतून खाली मुरतो, वर नदी-नाला नाही. तिथल्या रोडहाउसकडे, म्हणजे महामार्गावरच्या पेट्रोल आणि खाण्याच्या थांब्यांकडे, स्वतःपुरतेच पाणी असते. टाकी भरून मागू नये. काही विश्रांतीस्थळांवर पावसाचे पाणी साठवणाऱ्या टाक्या आहेत, त्या अडलेल्याच्या घोटासाठी आहेत.

ऑस्ट्रेलियाच्या जवळपास २२ टक्के भूभागाखाली ग्रेट आर्टेशियन बेसिन हा भूजलाचा प्रचंड साठा पसरला आहे. क्वीन्सलंडच्या अंतर्भागातली अनेक गावे त्यातून बोअरने काढलेल्या पाण्यावर जगतात. बर्ड्सव्हिलला ते ९८ अंश सेल्सियसला वर येते. गंधकाचा वास बादलीत निवत ठेवला की बराच उडतो. क्षार मात्र उरतात, गीझरमध्ये थर धरतात आणि त्यातली झिजण्यासाठीच बसवलेली धातूची कांडी लवकर संपवतात. जांभळ्या रंगाची तोटी दिसली तर ते पुनर्वापराचे सांडपाणी असते, पिण्याचे नव्हे. शौचालयाची मैला साठणारी पेटी रिकामी करायच्या ठिकाणचा नळही पेटी धुण्यासाठी असतो. त्याला पिण्याच्या पाण्याची नळी कधीही लावू नये, तोटी कितीही स्वच्छ दिसो. गुरांच्या हौदाजवळ तळ ठोकणेही टाळावे, कारण माणसे दिसली की गुरे पाण्याला येत नाहीत.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. मिळते म्हणून घ्यायचे, असे हे पाणी नाही. क्वीन्सलंडमधल्या स्टॅन्थॉर्पचे धरण दुष्काळात आटले आणि जानेवारी २०२० पासून गावाला टँकरने पाणी आणावे लागले. अशा गावात नळ उघडण्याआधी विचारावे, मोजकेच घ्यावे आणि गावातल्या दुकानातून काही खरेदी करावी. मराठवाड्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजवावे लागत नाही.

शुद्धता : पिण्याच्या पाण्यासाठी खाद्यदर्जाची नळी वेगळी ठेवतात, बागेच्या नळीतून प्लॅस्टिकचा वास आणि अंश पाण्यात उतरतात. भरण्याआधी नळ थोडा वाहू द्यावा, त्यात नळी धुवून घ्यावी. गाळण्या कुठे बसवाव्यात यावर प्रवाशांत मतभेद असतात, पण कारण पाहिले तर उत्तर सरळ आहे. कोळशाची गाळणी क्लोरीन काढून टाकते. ती टाकीच्या तोंडाशी लावली तर आठवडाभर साठणाऱ्या पाण्याचे संरक्षणच जाते. म्हणून तोंडाशी फक्त गाळ अडवणारी गाळणी आणि कोळशाची पिण्याच्या नळाशी, ही रचना योग्य. नदी-तलावाचे पाणी घ्यावेच लागले तर उकळावे, कारण क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. उकळणे सगळ्यावर उपाय नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. मध्य ऑस्ट्रेलियातल्या काही भूजलात नायट्रेट नैसर्गिकरीत्याच जास्त असते. तीन महिन्यांखालच्या बाळासाठी राष्ट्रीय मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅमची आहे, आणि उकळून पाणी आटले की नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते. तान्हे बाळ सोबत असेल तर बाटलीबंद पाणीच घ्यावे.

नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा दुर्मिळ, पण प्राणघातक. ॲडलेडचे माल्कम फाउलर आणि रॉडनी कार्टर यांनी त्यामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे वर्णन १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. साउथ ऑस्ट्रेलियात उघड्यावरून टाकलेल्या लांब जलवाहिन्यांत पाणी तापत असे आणि त्यात तो वाढत असे. पोटात गेला तर अपाय नाही. नाकातून वर गेला तर तो मेंदू गाठतो. उन्हात पडलेल्या नळीतले कोमट पाणी आधी सोडून द्यावे आणि मुलांना अशा नळीने तोंडावर फवारे मारून खेळू देऊ नये, एवढी काळजी पुरते.

सांडपाणी : स्वयंपाकघर आणि आंघोळीचे पाणी वेगळे, शौचालयाचे वेगळे. शौचालयाच्या सुमारे वीस लिटरच्या पेटीतला मैला फक्त नेमलेल्या ठिकाणीच ओततात. आंघोळ-भांड्यांचे पाणी जमिनीवर सोडता येते की साठवावेच लागते, हे राज्य, उद्यान आणि तळ यांनुसार बदलते. बऱ्याच तळांवर सांडपाण्याची टाकी असलेल्या, म्हणजे सेल्फ-कंटेन्ड, गाड्यांनाच प्रवेश असतो. १९८६ मध्ये स्थापन झालेला कॅम्परव्हॅन अँड मोटरहोम क्लब ऑफ ऑस्ट्रेलिया ‘लीव्ह नो ट्रेस’ या योजनेखाली अशा गाड्यांना मान्यता देतो. खरकट्या पाण्याने तळावर माश्या आणि घाण झाली की गावकरी तो तळ बंद करायला लावतात. हे अनेकदा घडले आहे आणि त्यात गावकऱ्यांची चूक नाही.

राखीव साठा : टाक्यांत कितीही पाणी असले तरी वीस लिटरचे एक-दोन जेरीकॅन वेगळे ठेवतात. पाण्याच्या जेरीकॅनचा रंग निळा असतो, म्हणजे इंधनाच्या डब्याशी गफलत होत नाही. हे जेरीकॅन कॅराव्हॅनमध्ये नव्हे, ओढणाऱ्या मोटारीत ठेवायचे. कॅराव्हॅन तळावर सोडून मोटारीने दिवसभर फिरायला जाण्याची रीत आहे. गाडी बंद पडते ती बहुधा अशाच फेरीत, आणि तेव्हा मोठ्या टाक्या कित्येक किलोमीटर मागे राहिलेल्या असतात.