सामाजिक बहिष्कार (वाळीत टाकणे)

जातीच्या, गावाच्या किंवा पंथाच्या पंचांनी एखाद्या व्यक्तीशी किंवा कुटुंबाशी सर्व व्यवहार तोडण्याचा आदेश देणे, आणि तो न पाळणाऱ्यालाही दंड करणे, याला सामाजिक बहिष्कार म्हणतात. रोटी-बेटी बंद करणे, जातीतून काढणे, वाळीत टाकणे ही त्याची बोलीतली नावे. पेशवाईच्या व नंतरच्या कागदपत्रांत जातीबाहेर टाकण्यावरून उठणाऱ्या वादाला ग्रामण्य म्हटले आहे. महाराष्ट्रात या प्रथेविरुद्ध जुलै २०१७ पासून स्वतंत्र कायदा लागू आहे. तरीही व्यक्तीचा हक्क मोठा की समाजाची स्वायत्तता, हा त्यामागचा वाद मिटलेला नाही.

स्वरूप

बहिष्काराला हत्यार लागत नाही. कोकणातल्या एखाद्या गावात गावकीची बैठक बसते आणि दुसऱ्या दिवसापासून वाण्याकडे त्या घराला किराणा मिळेनासा होतो. गिरणीत दळण परत पाठवतात. लावणीला माणूस येत नाही. शिमग्यात पालखी शेजारच्या अंगणात नाचते, पण या घराच्या पायरीशी येत नाही. घरात मयत झाले तर खांदा द्यायला कोणी पुढे होत नाही आणि बाहेरगावच्या नातेवाइकांची वाट पाहावी लागते. मुलांशी शाळेत कोणी खेळत नाही. यातले एकेक कृत्य सुटे पाहिले तर त्यात गुन्हा कुठे आहे, असे कोणीही विचारील. कोणाशी बोलावे, कोणाला लग्नाला बोलवावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे.

बहिष्कार ओळखण्याची खरी खूण म्हणून शेजाऱ्याकडे पाहावे लागते. वाळीत टाकलेल्या घरी चहा घेतला म्हणून शेजाऱ्याला दंड झाला की ती वैयक्तिक नाराजी उरत नाही. ज्याला बोलायचे आहे त्यालाही बोलता येत नाही, म्हणजे त्यामागे हुकूम आहे. वाळीत टाकलेल्या माणसाइतकेच त्याच्याभोवतीच्या प्रत्येकाचेही स्वातंत्र्य यात काढून घेतलेले असते. ‘आमच्या समाजाचा अंतर्गत मामला’ हा युक्तिवाद मला म्हणूनच पटत नाही.

कारणे बहुधा तीच असतात: आंतरजातीय किंवा पंचांना न विचारता केलेले लग्न, जमिनीचा किंवा देवळाच्या पैशाचा वाद, निवडणुकीत पंचांच्या मर्जीबाहेर दिलेले मत, पंचांना डावलून पोलिसांत केलेली तक्रार. पुन्हा जातीत घ्यायचे तर दंड भरावा लागतो, जातीला जेवण घालावे लागते. काही जमातींत बाईच्या चारित्र्याचा निवाडा करण्यासाठी उकळत्या तेलातून नाणे काढायला लावण्यासारखी दिव्येही झाली आहेत.

एकोणिसाव्या शतकातील प्रकरणे

इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनने दिवाणी न्यायालयांना जातीच्या प्रश्नांत हात घालण्यास मनाई केली. मालमत्तेचा किंवा हक्काचा प्रश्न असेल तरच न्यायालय लक्ष घाली. धर्मात ढवळाढवळ नको, या धोरणाचा व्यवहारातला अर्थ पंचांच्या निवाड्यावर अपील नाही, असा झाला.

सरदार-पंडितही यातून सुटले नाहीत. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये सभेनंतर चहा-बिस्किटे दिली गेली. ते सारे घडवून आणणारे गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रातून उघड केली. त्यांत महादेव गोविंद रानडे होते आणि टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली. काशीला आपण प्रायश्चित्त घेतले आहे, असे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले आणि त्यांच्या सुधारक सहकाऱ्यांना ते फार लागले. हायकोर्टाच्या न्यायाधीशपदाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाला एका कप चहासाठी जातीपुढे वाकावे लागले, यावरून त्या काळच्या या शस्त्राची धार कळते.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्याची झळ गावात राहणाऱ्या त्यांच्या घरच्यांनाही बसली.

अस्पृश्यांवरील बहिष्कार आणि आंबेडकरांची मागणी

वरच्या प्रकरणांत बहिष्कृत माणसाला दुसरे शहर, दुसरी नोकरी, दुसरे स्नेही तरी होते. गावकुसाबाहेरच्या माणसाला यातले काहीच नव्हते. मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात हे स्पष्ट लिहिले. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. बहुसंख्य अस्पृश्यांना स्वतःची जमीन नाही, पोट सवर्णांच्या शेतावर; त्यामुळे हक्क मागितला की मजुरी बंद, दुकान बंद, वाट बंद, असा त्या निरीक्षणाचा आशय आहे. सार्वजनिक विहिरीवर पाणी भरणे तर सोडाच, चांगले कपडे घालणे, जमीन विकत घेणे, नवरदेवाला घोड्यावरून मिरवणे एवढेही बहिष्काराला पुरत असे.

मारहाणीवर खटला भरता येतो, बहिष्कारावर येत नाही, हे आंबेडकरांनी नेमके हेरले होते. गोलमेज परिषदेसाठी त्यांनी व रेट्टमलै श्रीनिवासन यांनी दिलेल्या मागण्यांत बहिष्कार हा दंडनीय गुन्हा ठरवावा, अशी मागणी होती आणि तिचा मसुदा ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावर आधारलेला होता. १९४७ मध्ये घटनासमितीसाठी केलेल्या निवेदनातही त्यांनी ती पुन्हा मांडली. पुढे राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट झाली आणि १९५५ चा अस्पृश्यताविरोधी कायदा व १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आला. मात्र या कायद्यांचे संरक्षण दलित-आदिवासींवर इतरांनी केलेल्या अन्यायापुरते आहे. एका जातीने आपल्याच माणसाला वाळीत टाकले तर ते उपयोगी पडत नाहीत.

१९४९ चा कायदा आणि दाऊदी बोहरा खटला

ही फट बुजवण्याचा पहिला प्रयत्न मुंबई राज्याने १९४९ मध्येच केला होता. त्या वर्षीच्या बहिष्कृतीविरोधी कायद्याने कोणालाही समाजातून काढणे अवैध ठरवले. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले. धर्मगुरूंचा आदेश न मानणाऱ्याला समाजाबाहेर काढणे हा धार्मिक शिस्तीचा भाग आहे आणि २६ व्या अनुच्छेदाने संप्रदायाला आपले धार्मिक व्यवहार चालवण्याचा हक्क दिला आहे, अशी त्यांची बाजू होती. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ती मान्य करून कायदा रद्द ठरवला.

विरोधात गेलेले एकटे मत सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांचे होते. बहिष्कृत माणूस आपल्याच समाजात अस्पृश्यासारखा होतो आणि त्याची ही अवस्था संपवण्यासाठीच कायदा आहे, असा त्यांच्या निकालाचा रोख होता. बोहरा समाजात बहिष्कृताला मशिदीत आणि समाजाच्या दफनभूमीत जागा नाकारली जाई. ज्याला आईच्या दफनालाही उभे राहता येत नाही त्याच्या दृष्टीने हे निव्वळ धार्मिक शिस्तीचे प्रकरण नसते. सिन्हांचे मत मला म्हणूनच अधिक न्याय्य वाटते. बोहरा समाजातील सुधारकांनी, असगर अली इंजिनिअर त्यांत आघाडीवर होते, हा प्रश्न पुढे अनेक दशके लावून धरला. १९८६ मध्ये निकालाच्या फेरविचारासाठी याचिका दाखल झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवली.

२०१३ नंतर

जून २०१३ मध्ये नाशिकला आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा तिच्या वडिलांनीच खून केला आणि त्यामागचा जातपंचायतीचा दबाव चर्चेत आला. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींना मूठमाती देण्याचे अभियान हाती घेतले. ते सुरू होऊन थोडाच काळ झाला असताना, २० ऑगस्ट २०१३ रोजी, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली. अभियान थांबले नाही. रायगड जिल्ह्यातून गावकीच्या बहिष्काराच्या तक्रारी एकामागून एक पुढे आल्या. भटक्या जमातींतही हालचाल झाली. पाथर्डी तालुक्यातील मढीच्या कानिफनाथ यात्रेत त्यांच्या पंचायती भरत. त्यांपैकी वैदू समाजाने आपली पंचायत बरखास्त केली.

विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये विधेयक मंजूर केले आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ मध्ये कायदा अमलात आला. त्यानेच १९४९ चा कायदाही निरसित केला. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात आणि दंडाची रक्कम पीडिताला देता येते. बहिष्काराच्या निर्णयासाठी होणारी बैठक जिल्हाधिकारी आधीच रोखू शकतात. आरोपपत्रापासून सहा महिन्यांत खटला संपवावा, अशीही तरतूद आहे. पंचायत नोंदणीकृत असो वा नसो, जातीची असो वा धर्माची, सगळ्या व्याख्येत येतात.

वादाचे मुद्दे

गुन्हा दखलपात्र असला तरी जामीनपात्र आहे, त्यामुळे अटक झालेला पंच लवकरच गावात परततो. न्यायालयाच्या परवानगीने तडजोडही करता येते. कुटुंबाला त्याच गावात राहायचे असते, म्हणून ही वाट ठेवली आहे. पण तडजोड खुशीने झाली की दबावाने, हे न्यायाधीशाला कागदावरून कसे कळावे? हुकूम तोंडी असतो, इतिवृत्त ठेवले जात नाही आणि साक्षीदार म्हणजे तेच गावकरी, ज्यांना बोलल्याबद्दल दंड होऊ शकतो. तपासात पंचांनी वसूल केलेल्या दंडाच्या नोंदी, पावत्या आणि फोनवरचे संदेश मोलाचे ठरतात ते यामुळेच.

एक आक्षेप अधिक अवघड आहे. कायद्याच्या चर्चेत पुढे केली जातात ती उदाहरणे भटक्या-विमुक्तांची. १८७१ च्या कायद्याने त्यांतल्या अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले होते. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये त्या विमुक्त झाल्या. चौकीत गेलो तर आपल्यालाच आत टाकतील, ही भीती त्यांना अनुभवातून आली आणि न्यायासाठी पंचायतच उरली. नुसता कायदा करून हा विश्वास परत येणार नाही, हे खरेच आहे. पण त्यासाठी पंचायत राखावी, हे त्याच जमातींच्या तरुण मुलामुलींना मान्य नाही. कंजारभाट समाजातील तरुणांनी नववधूच्या कौमार्य चाचणीविरुद्ध समाजमाध्यमांतून मोहीम उघडली; जानेवारी २०१८ मध्ये पिंपरीत त्यांतल्या काहींना मारहाण झाली, तरी त्यांनी पोलिसांत तक्रार केली आणि उघडपणे बोलणे चालू ठेवले.

कायदा राज्यापुरता आहे. अनेक भटक्या जमातींची सोयरीक मात्र गुजरात, कर्नाटक, तेलंगणापर्यंत पसरलेली असते आणि सीमेपलीकडे भरलेल्या पंचायतीचा हुकूम फोनवरून इकडच्या वस्तीत पोहोचतो. म्हणून असाच कायदा देशभर करावा, अशी मागणी चळवळीतील कार्यकर्ते करीत आहेत.