गुडघारोपणानंतरचे पुनर्वसन

ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये गुडघ्यातली कूर्चा झिजते आणि हाडावर हाड घासू लागते. झिजलेले पृष्ठभाग कापून त्यांच्या जागी धातू व पॉलिथिलीनचे भाग बसवणे म्हणजे गुडघारोपण. ‘गुडघा बदलला’ असे आपण म्हणतो, पण भोवतालचे स्नायू जुनेच राहतात आणि वर्षानुवर्षे दुखरा पाय जपल्याने ते आधीच अशक्त झालेले असतात. मांडीच्या पुढच्या बाजूच्या क्वाड्रिसेप्स स्नायूची ताकद तर शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्याभरात जवळपास निम्म्यावर येते. ती परत मिळते ती व्यायामानेच.

रुग्णाला बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. घोटे वरखाली हलवणे, गुडघा गादीवर दाबून मांडी आवळणे, पाय सरळ ठेवून उचलणे, टाच गादीवरून मागे ओढणे हे सुरुवातीचे व्यायाम. पाय किती वाकतो याकडे घरच्यांचे सारे लक्ष असते. तो पूर्ण सरळ होणे मात्र तितकेच, किंबहुना अधिक महत्त्वाचे आहे. सरळ न होणारा गुडघा लंगडत चालवतो आणि स्नायूला लवकर थकवतो. म्हणून मायेपोटी गुडघ्याखाली उशी सरकवू नये. तिने आराम वाटतो, पण पाय वाकलेलाच आखडतो. उशी द्यायचीच तर टाचेखाली द्यावी.

सपाट जमिनीवर चालायला गुडघा सुमारे ६५ अंश वाकावा लागतो, जिन्याला ९०च्या आसपास, बुटक्या खुर्चीतून उठायला त्याहून थोडा जास्त. बरेच रुग्ण ११० ते १२० अंशांपर्यंत पोहोचतात. आपल्याकडचा खरा प्रश्न त्यापुढचा आहे: पाटावर जेवायला बसणे, पूजेला मांडी घालणे, उकिडवे बसणे. काहींना मांडी जमते, अनेकांना नाही. जास्त वाकण्यासाठी बनवलेल्या ‘हाय-फ्लेक्स’ सांध्यांनी तुलनात्मक अभ्यासांत फारसा फरक दाखवलेला नाही. आधी गुडघा किती वाकत होता यावर नंतरचा वाक बराचसा ठरतो. हे रुग्णाला शस्त्रक्रियेआधीच स्पष्ट सांगायला हवे. साधारण पाचातला एक रुग्ण निकालावर पूर्ण समाधानी नसतो आणि अपुऱ्या राहिलेल्या अपेक्षांचा त्यात मोठा वाटा असतो. घरात कमोड आणि उंच खुर्ची यांची सोय आधीच केलेली बरी.

दोन्ही गुडघे एकदम करावेत की अंतराने, हे हृदय, वय व प्रकृती पाहून ठरते. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे डावे गुडघारोपण ऑक्टोबर २००० मध्ये, तर उजवे जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी केले.

सूज आणि स्पर्शाला जाणवणारी ऊब काही महिने टिकते. व्रणाच्या बाहेरच्या बाजूची बधिरता कातडीतले बारीक मज्जातंतू कापले गेल्याने येते. ती धोक्याची नसते. पोटरी अचानक सुजून दुखणे, धाप लागणे, ताप किंवा जखमेतून स्राव येणे यांसाठी मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सुधारणा वर्षभर चालू राहते. सर्वाधिक वेग पहिल्या तीन महिन्यांत असतो, आणि व्यायामाचा कंटाळाही नेमका तेव्हाच येतो.