गालावरचा ओघळ: हत्तिणीचा आणि मदात आलेल्या नराचा

आफ्रिकी हत्तींवरचा माहितीपट बघताना कानशिलापासून हनुवटीकडे उतरलेला काळपट ओघळ दिसला, की आपल्याकडे कुणीतरी हमखास म्हणतं, ‘मद गळतोय, आता हा पिसाळणार.’ आपल्या आशियाई हत्तीच्या बाबतीत हा अंदाज सहसा बरोबर ठरतो, कारण त्यांच्या माद्यांमध्ये हा स्राव क्वचितच दिसतो. आफ्रिकेतल्या सॅव्हाना हत्तींमध्ये मात्र नर, मादी आणि पिल्लं, सगळ्यांच्याच डोळा आणि कानामधल्या ग्रंथी पाझरतात. त्यामुळे आफ्रिकी हत्तीला मद, म्हणजे नराची ठरावीक काळ टिकणारी उग्र, प्रजननाची अवस्था, येतच नाही, असं अभ्यासकही बराच काळ धरून चालले होते. केनियातल्या अंबोसेली उद्यानात हत्तींचा अभ्यास करणाऱ्या जॉयस पूल आणि सिंथिया मॉस यांनी १९८१ मध्ये तो समज खोडून काढला. त्याआधी नरांचं सतत ठिबकणारं मूत्र आणि हिरवट पडलेलं शिश्न पाहून त्यांना हा एखादा आजार असावा, असंही वाटलं होतं.

हत्तिणीचा ओघळ पातळ असतो आणि तो भावनेच्या भरात येतो: भीती, धावपळ, कळपातला जन्म, आणि सगळ्यात बघण्यासारखं म्हणजे ताटातुटीनंतरची भेट. एकाच कुटुंबातल्या हत्तिणी पुन्हा एकत्र आल्या, की कान फडफडवत एकमेकींकडे धावतात, सोंडेत सोंड गुंफतात, सुळ्यांवर सुळे आपटतात, गुरगुरतात, गोल फिरतात. या गडबडीत त्या मूततात आणि लीदही टाकतात. फसगत होते ती इथेच, कारण ओला गाल आणि मूत्र या दोन्ही खुणा एकदम दिसतात. पण हत्तिणीचं मूत्र एकदाच धो धो पडतं आणि थांबतं.

मदातल्या नराचं तसं नसतं. त्याचं मूत्र थेंबथेंब गळतच राहतं, मागच्या पायांची आतली बाजू भिजून काळी पडते. कानशिलाजवळची ग्रंथी फुगून वर आलेली असते, स्राव चिकट आणि डाग रुंद असतो. चाल बघा: डोकं उंच, हनुवटी आत ओढलेली, कान ताठ. तरुण नराचा मद काही दिवस ते काही आठवडे टिकतो, तर पस्तिशी ओलांडलेल्या नराचा दोन-तीन महिनेही चालतो. म्हणून निर्णय गालावरून करू नका, मागचे पाय दिसेपर्यंत थांबा. फक्त चेहऱ्याचा क्लोज-अप असेल, तर मद आहे असं खात्रीने ठरवता येत नाही.

सुळ्यांवरून नर-मादी ओळखायला जाऊ नका; आफ्रिकेत हत्तिणींनाही सुळे असतात. बाजूने कपाळ बघा. हत्तिणीचं कोनदार, नराचं गोलसर.

निवेदनात या ओघळाला कधी ‘अश्रू’ म्हटलं जातं, तेही चूक. तो डोळ्यातून येत नाही, डोळ्याच्या मागच्या बाजूला सुरू होतो.

आणखी एक गैरसमज माहितीपट स्वतःच पसरवतात. कळपाशेजारी उभा असलेला अवाढव्य नर हा ‘कुटुंबप्रमुख’ असल्याचं सांगितलं जातं. प्रमुख असते ती वयस्क हत्तीण. तिच्या मुली, बहिणी आणि त्यांची पिल्लं हेच कुटुंब. नर साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास कळप सोडतो. मदातला नर येतो तो माजावर आलेल्या हत्तिणीच्या वासाने. तिचा माज चार ते सहा दिवसांचा, मग तो पुढे निघून जातो.

याचा अर्थ नरांना नात्यांची गरज नसते असा नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेसबर्ग उद्यानात पोरकी वाढलेली नर पिल्लं आणली गेली होती. मोठ्यांचा वचकच नसल्याने ती फार कमी वयात मदात आली आणि १९९२ ते १९९७ या काळात त्यांनी चाळीसहून अधिक पांढरे गेंडे मारले. १९९८ मध्ये क्रुगर राष्ट्रीय उद्यानातून सहा प्रौढ नर आणून सोडले. मोठे नर समोर आल्यावर तरुणांचा मद लवकर ओसरू लागला आणि गेंड्यांचे बळी थांबले.