पाणचक्की

पाणचक्की म्हणजे पाण्याच्या जोरावर धान्य दळणारी चक्की. उभ्या चाकाच्या पाणचक्कीचे वर्णन रोमन स्थपती विट्रुव्हियस याने इ.स.पू. पहिल्या शतकात केले आहे. तिला दातेरी चक्रे लागतात. आडव्या चाकाची रचना त्याहून सोपी. पाणी पात्यांवर आदळते आणि चाकाच्याच आसावर बसवलेला वरचा दगड फिरू लागतो. हिमालयातले घराट याच जातीचे.

महाराष्ट्रातली नावाजलेली पाणचक्की छत्रपती संभाजीनगरात, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. हर्सूलकडच्या डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीने कित्येक किलोमीटर आणून इथे उंचावरून सोडले आहे. दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांचे व यात्रेकरूंचे पीठ इथेच दळले जाई. आवारातल्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत, त्यामुळे ते दालन उन्हाळ्यातही गार असते. अशा वास्तूची डागडुजी करताना लोकांचे लक्ष चाकावर आणि दगडांवर जाते. खरे दुखणे नहरीचे असते. ती गाळाने बुजली किंवा बांधकामात फुटली, की उरते ते नुसते पर्यटनस्थळ.

मुंबईत पाणचक्कीला वाव नव्हता. मिठी, पोयसर, दहिसर, ओशिवरा या नद्यांना जोर पावसाळ्यापुरता आणि दळण तर बारमाही. त्यामुळे शहर जात्यावरून गेले ते थेट इंजिनाच्या आणि विजेच्या चक्कीकडे. तरीही पाणी या गोष्टीत आहेच. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी सुमारे 500 मीटर खाली सोडून टाटांनी 1915 साली खोपोलीत वीज निर्माण केली. ती आधी कापडगिरण्यांना मिळाली. पुढे भिवपुरी (1922) आणि भिरा (1927) इथली केंद्रेही सुरू झाली. शहरातल्या पिठाच्या चक्क्या बराच काळ घाटातून पडणाऱ्या या पाण्यावर चालल्या, असे म्हणायला हरकत नाही.

पाणचक्की असो वा कोपऱ्यावरची गिरणी, दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावावीच लागते, म्हणजे छिन्नीने पुन्हा खडबडीत करावे लागते, नाहीतर पीठ गरम होते आणि जाडेभरडे पडते. बाजरीवर गहू दळू नका, असे बजावणारी गिऱ्हाइके टाकी लावल्यानंतरचे पहिले दळणही टाळतात. त्यात कचकच असते. ते दळण बहुधा गिरणीवाल्याच्याच वाट्याला येते.