टॉप-लोड वॉशिंग मशीनचे सस्पेन्शन : घरगुती दुरुस्ती

टॉप-लोड वॉशिंग मशीनमधले सस्पेन्शन म्हणजे पाण्याचा टब, त्यातला ड्रम, मोटर आणि गिअरबॉक्स हा सगळा डोलारा पत्र्याच्या पेटीत अधांतरी झेलून धरणारी व्यवस्था. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक फुल्ली ऑटोमॅटिक टॉप-लोड मशीनांत ती चार रॉडांची असते. रॉडांची डोकी पेटीच्या वरच्या चार कोपऱ्यांत अडकवलेली असतात आणि टबाच्या बाहेरच्या अंगाला असलेले चार कान रॉडांच्या खालच्या टोकांवर टेकलेले असतात. मेकॅनिक यांना सस्पेन्शन रॉड, शॉकर किंवा शॉकअप म्हणतात. एखादा रॉड तुटला, निसटला किंवा ढिला पडला की मशीन पिळताना धडधडते, जागेवरून सरकते आणि शेवटी पिळायचेच नाकारते. रॉड बदलणे हे काम अवघड नाही. अवघड आहे ते दोष रॉडचाच आहे हे ठरवणे, कारण हीच लक्षणे दाखवणारे आणखी तीन-चार बिघाड आहेत.

रचना आणि कार्य

रॉड म्हणजे साधारण 50 ते 65 सेंटिमीटर लांबीची पोलादी सळी. वरच्या टोकाला अर्धगोल बूड असलेले प्लास्टिकचे डोके असते. ते कोपऱ्यातल्या खोलगट खाचेत बसते, त्यामुळे रॉड चारी दिशांना झुलू शकतो. खालच्या टोकाला प्लास्टिकचा कप असतो. त्याच्या आत स्प्रिंग आणि कपाच्या भिंतीला घासत वर-खाली होणारा दट्ट्या असतो, आणि त्या दोहोंमध्ये दाट, चिकट ग्रीस. स्प्रिंग टबाचे वजन पेलते. घासणारा दट्ट्या आणि ग्रीस टबाची उसळी जिरवतात. दुरुस्तीच्या दृष्टीने हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे आणि नेमके त्याच्याकडेच दुर्लक्ष होते. स्प्रिंग धडधाकट दिसते म्हणून रॉड चांगला, असा निष्कर्ष बहुतेक जण काढतात. प्रत्यक्षात स्प्रिंग शाबूत आणि कप कोरडा ठणठणीत, अशा अवस्थेतले रॉडच जास्त सापडतात.

ही व्यवस्था लागते कशासाठी, हे एका साध्या हिशेबाने कळते. ड्रममध्ये अर्धा किलो ओल्या कपड्यांचा गठ्ठा एकाच बाजूला साचला, ड्रमची त्रिज्या 22 सेंटिमीटर असली आणि वेग मिनिटाला 700 फेऱ्यांचा असला, तर तो गठ्ठा ड्रमला सुमारे 60 किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतो, आणि या ओढीची दिशा दर सेकंदाला अकरा-बारा वेळा पूर्ण फिरते. टब पेटीला घट्ट बसवला असता तर हा सगळा जोर पत्र्यावर आणि तिथून फरशीवर आला असता. 1937 मध्ये अमेरिकेत बेंडिक्सचे स्वयंचलित मशीन बाजारात आले ते असेच होते. समोरून उघडणारे ते मशीन बोल्टांनी जमिनीला जखडून टाकावे लागे.

टांगलेल्या टबाची वागणूक वेगानुसार बदलते. पिळणे सुरू होताना, मिनिटाला शंभर-दीडशे फेऱ्यांच्या टप्प्यात, ड्रमची लय आणि स्प्रिंगांवर झुलणाऱ्या टबाची स्वतःची लय जुळते आणि टब सर्वांत जास्त हेलकावे खातो. हा टप्पा ओलांडला की तो बराच स्थिर होतो. चांगल्या मशीनमध्येही सुरुवातीला थोडे डुलणे आणि मग शांत होणे दिसते ते यामुळेच, आणि तो दोष नव्हे. कपातली घर्षणाची पकड गेली, की मात्र टब हा टप्पा पार करू शकत नाही. तो पेटीवर आपटतो, त्याच्या बाजूला असलेल्या सेफ्टी स्विचचा दांडा दाबला जातो किंवा मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला असमतोल जाणवतो, आणि मशीन थांबते. मग ते पुन्हा पाणी घेते, कपडे हलवून सारखे करू बघते आणि परत पिळायला घेते. एलजी आणि सॅमसंगच्या बऱ्याच मॉडेलांत शेवटी पडद्यावर ‘यूई’ ही खूण येते. 18 मिनिटांवर आलेले काम तासभर लांबते ते या फेऱ्यांमुळे.

असमतोल किती दूर जाऊ शकतो याचे टोकाचे उदाहरण नोव्हेंबर 2016 मधले आहे. अमेरिकेत सॅमसंगने सुमारे 28 लाख टॉप-लोड मशीनांसाठी रिकॉल, म्हणजे विकलेला सदोष माल दुरुस्तीसाठी किंवा परत घेण्यासाठी बोलावणे, जाहीर केला, कारण जोरात पिळताना समतोल बिघडून मशीनचा वरचा भाग पेटीपासून सुटा होण्याचा धोका होता. तिथे दोष एका तुटक्या रॉडचा नव्हता. पण धडधडणाऱ्या मशीनवर हात दाबून धरून पिळणे पूर्ण करून घेण्याची जी सवय घरोघरी दिसते, ती का वाईट आहे ते यावरून समजावे.

बिघाडाची कारणे

सगळ्यात मोठे कारण वय आणि ओल. मशीन न्हाणीघरात किंवा उघड्या बाल्कनीत असले तर सळीला गंज चढतो. मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या खाऱ्या हवेत तो लवकर चढतो. गंजलेली सळी कपाच्या तोंडाशी कानशीसारखी घासते आणि प्लास्टिक झिजते. दुसरे कारण कपड्यांचा प्रकार. सोलापुरी चादर, गोधडी, सतरंजी असा एकच जड नग टाकला की तो पाणी पिऊन एका अंगाला बसतो. रेनकोट किंवा ताडपत्रीसारखे पाणी न झिरपणारे कापड त्याहून धोक्याचे, कारण त्याच्या घडीत पाणी अडकते आणि वेग वाढल्यावर एकदम निसटते; बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत असे कपडे पिळायला बंदीच असते.

घर बदलतानाही रॉड जातात. मशीन टेम्पोत आडवे घातले की टब रॉडांवरून उचलला जातो, एखादे डोके खाचेतून सुटते आणि नव्या घरी पहिल्याच धुण्याला ‘मशीन नाचते’ अशी तक्रार येते. इथे काहीच तुटलेले नसते. डोके परत खाचेत बसवले की झाले. नव्या मशीनच्या बाबतीत उलट प्रकार होतो: टबाखाली घातलेला थर्माकोलचा किंवा पुठ्ठ्याचा आधार काढायचा राहून जातो.

निदान

सुरुवात फरशीपासून करावी. चारही पाय टेकलेले आहेत का, मशीन समपातळीत आहे का, हे पाणपातळी (स्पिरिट लेव्हल) ठेवून बघावे. विरुद्ध कोपरे आळीपाळीने दाबले आणि मशीन डुगडुगले तर पाय फिरवून घ्यावेत. न्हाणीघराच्या उताराच्या फरशीवर अर्ध्या तक्रारी इथेच संपतात.

मग झाकण उघडून रिकाम्या ड्रमच्या काठावर तळहात ठेवायचा, टब सरळ खाली दाबायचा आणि एकदम सोडायचा. चांगला टब वर येऊन एखादा हेलकावा घेतो आणि थांबतो. तीन-चार वेळा खाली-वर होत राहिला तर कपातली पकड गेली आहे. हे चारही बाजूंना करून बघावे. ज्या कोपऱ्याला हाताला विरोधच जाणवत नाही, तिथला रॉड तुटलेला किंवा सुटलेला असतो. त्याबरोबर ड्रम आणि वरच्या काठामधली फटही पाहावी. एका बाजूला बोट जाईनासे झाले आणि समोर तीन बोटे सहज जाऊ लागली, तर टब झुकला आहे.

दाबून पाहिल्यावर सारे ठीक वाटले तर रॉड सोडून इतरत्र बघावे. ड्रमच्या वरच्या काठाला असलेल्या पोकळ कड्यात खारे पाणी भरलेले असते; ड्रम फिरताना ते हलक्या बाजूला सरकून समतोल साधते. या बॅलन्स रिंगला तडा जाऊन पाणी गळाले तर नवे चार रॉड घालूनही उपयोग नाही. ड्रम हाताने फिरवताना घरघर येत असेल तर बेअरिंग गेले आहे, आणि ते काम घरचे नव्हे. ड्रम धरून हलवल्यावर बाहेरचा टब न हलता ड्रमच लटलटत असेल तर तो ज्या दांड्यावर बसतो तिथला नट किंवा तळाचा पत्रा खराब आहे.

सुटे भाग

रॉड चारच्या संचाने मिळतात आणि चारही एकदम बदलावेत. एकच नवा घातला तर तो कोपरा कडक, बाकीचे तीन मऊ, आणि टब पुन्हा झुकतो. वर जुन्यांपैकी दुसरा महिन्या-दोन महिन्यांत हात टेकतोच. एक रॉड बदलून मजुरी घेणारा मेकॅनिक गिऱ्हाइकाचे पैसे वाचवत नसतो.

मापात चूक सहज होते. ‘साडेसहा किलोच्या मशीनचा रॉड’ एवढे सांगून चालत नाही, कारण एकाच कंपनीच्या एकाच क्षमतेच्या दोन मॉडेलांत लांबी वेगळी असू शकते. मशीनच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक आणि शक्य झाल्यास जुना रॉडच दुकानात न्यावा. काही मॉडेलांत पुढचे आणि मागचे रॉड वेगळ्या ताकदीचे असतात, कारण मोटर मध्यावर नसते. तिथे कपाच्या किंवा डोक्याच्या रंगावरून जोडी ओळखायची. पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लोहार चाळ अशा इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारांत जाऊन माप लावून घेणे ऑनलाइन अंदाजापेक्षा केव्हाही बरे.

रॉड बदलणे

प्लग काढावा, नळ बंद करून पाण्याचा पाइप सोडवावा, टबातले पाणी सोडून द्यावे. बटण बंद करणे पुरेसे नाही. शिवाय प्लग काढल्यावरही मोटरच्या कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठलेली असू शकते, म्हणून त्याच्या टोकांना हात लावू नये. पेटीच्या पत्र्याच्या आतल्या कडा धारदार असतात. हातमोजे घालावेत.

वरचे आवरण मागच्या बाजूला सहसा दोन स्क्रूंनी आणि पुढे खाचांनी धरलेले असते. स्क्रू काढून ते वर उचलायचे आणि मागे किंवा बाजूला कलते करायचे, पण ओढून बाहेर काढायचे नाही; पॅनेलच्या तारा आणि पाण्याच्या पातळीची बारीक नळी त्याला जोडलेली असते. ते पडू नये म्हणून सुतळीने बांधून ठेवावे. आता चारही कोपऱ्यांतली रॉडांची डोकी दिसतात.

पुढचे काम दोघांचे. टब, मोटर आणि ड्रम मिळून वीस-पंचवीस किलोंचा ऐवज असतो. एकाने टबाचा काठ त्या कोपऱ्याकडून वर उचलून धरायचा. भार हलका होताच दुसऱ्याने डोके खाचेतून वर उचलून कडेच्या फटीतून सरकवायचे आणि रॉड खाली सोडून टबाच्या कानातून काढायचा. नवा रॉड उलट्या क्रमाने: आधी कान, मग खाच. खाचेत बोटाएवढे ग्रीस लावले तर नंतरची करकर होत नाही. एका वेळी एकच रॉड काढावा, म्हणजे टब उरलेल्या तिघांवर राहतो. चारही एकदम काढले तर टब खाली बसतो, आणि तळाशी असलेला ड्रेन मोटरचा किंवा पाइपाचा भाग मोडतो. चौथा रॉड बसल्यावर पुन्हा टब दाबून बघावा. मग रिकामे मशीन फक्त पिळण्यावर चालवावे आणि त्यानंतर तीन-चार ओले टॉवेल टाकून. आतले बघायचे म्हणून झाकणाचा स्विच लोहचुंबकाने फसवून उघडे मशीन फिरवण्याची युक्ती काही जण वापरतात. फिरत्या ड्रमशेजारी ती जिवावर बेतू शकते.

जुगाड

नवा संच मिळेपर्यंत मशीन चालवण्याचे अनेक घरगुती उपाय प्रचलित आहेत आणि ते सगळे सारख्याच लायकीचे नाहीत. वरचे प्लास्टिकचे डोके फुटले असेल तर सळीच्या टोकाखाली मोठा वायसर घालून भागवणे चालून जाते. त्या जागी फक्त वजन पेलायचे असते. बसलेल्या स्प्रिंगखाली पीव्हीसी पाइपाची कापलेली चकती घालून टबाची उंची परत आणता येते, पण उंची आली म्हणजे पकड आली असे नाही. टब सरळ दिसतो आणि पिळताना पूर्वीइतकाच उसळतो. कपात स्प्रे तेल किंवा शिलाई मशीनचे तेल सोडणे हा तर उलटा उपाय: जे घर्षण हवे तेच नाहीसे होते, आणि करकर थांबल्यामुळे दुरुस्ती झाल्याचा भास तेवढा होतो. टबाचा कानच तडकला असेल तर एम-सील लावून काही उपयोग होत नाही. दर सेकंदाला अकरा-बारा झटके खाणाऱ्या जागी ते काही धुण्यांत सुटते. असा टब बदलावाच लागतो आणि जुन्या मशीनला तो खर्च सहसा परवडत नाही.

मशीन वॉरंटीत असेल तर यातले काहीही करू नये, कंपनीला बोलवावे. वॉरंटी संपल्यावर अडचण येते ती सुट्या भागांची आणि माहितीची. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला त्यासाठीचे पोर्टल सुरू झाले. त्यात घरगुती टिकाऊ वस्तूंचाही समावेश आहे.

इतर प्रकारची मशीने

वरील वर्णन सेमी ऑटोमॅटिक, म्हणजे दोन टबांच्या मशीनला लागू नाही. तिच्यात धुण्याचा टब पेटीचाच भाग असतो. पिळायच्या छोट्या ड्रमची मोटर तळाशी तीन रबरी आधारांवर बसते आणि त्यांत स्प्रिंगा असतात. ड्रम कडेला घासू लागला तर मागचा पत्रा उघडून हे तीन आधार बघायचे. फ्रंट-लोड मशीनचा टब वर स्प्रिंगांना टांगलेला आणि खालून शॉकअब्सॉर्बरने धरलेला असतो, त्यात काँक्रीटची किंवा लोखंडाची वजने असतात, आणि वाहतुकीपूर्वी तो बोल्टांनी जखडावा लागतो. अमेरिकेतल्या जुन्या डायरेक्ट-ड्राइव्ह, म्हणजे पट्ट्याविना थेट मोटर जोडलेल्या, टॉप-लोड मशीनांत टब टांगलेला नसून खालच्या बैठकीवर घसरत्या पॅडांवर टेकलेला असे. तिकडून आणलेल्या जुन्या मशीनमध्ये त्यामुळे रॉड सापडत नाहीत.