रोज एक टक्का, वर्षात ३७ पट?

‘रोज फक्त एक टक्का सुधारा, वर्षअखेरीस तुम्ही ३७ पट सरस व्हाल’ हा मेसेज दर नव्या वर्षाला हमखास फिरतो. सोबत १.०१ चा ३६५ वा घातही दिलेला असतो.

गणितात खोट नाही. मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरून करून बघा, उत्तर ३७.७८ येतं. अडचण आहे ती गृहीतकात. हे चक्रवाढीचं सूत्र आहे. बँकेत व्याज मुद्दलात मिसळतं आणि पुढचं व्याज त्या वाढीव रकमेवर लागतं. शरीराचं, कौशल्याचं तसं होत नाही.

आज तुम्ही १२ सूर्यनमस्कार घालता असं धरू. मेसेजप्रमाणे ७० दिवसांत ते २४ होतील. हे जमण्यासारखं आहे. पण आठव्या महिन्यात रोजचे १०८, म्हणजे एरवी लोक रथसप्तमीला हौसेने घालतात तेवढे, आणि वर्षअखेरीस साडेचारशेच्या वर! प्रत्यक्षात सुरुवातीला प्रगती झपाट्याने होते, मग मंदावते. म्हणून तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आकडा अडला, तर तो आळस समजू नये.

मग छोट्या सवयींचा उपयोग नाही का? भरपूर आहे, फक्त तिथे बहुतेक वेळा साधी बेरीज चालते. रोज १० पानं वाचली तर वर्षात ३,६५० होतात, म्हणजे अडीचशे पानांची चौदा पुस्तकं. रोज बाजूला टाकलेल्या २० रुपयांचे ७,३०० होतात. चक्रवाढ हवीच असेल तर हे पैसे रिकरिंगला लावा. फक्त तिथला व्याजदर वर्षाचा असतो, दिवसाचा नव्हे.